शिवभोजन थाळी: दहा रुपयांत काय मिळते आणि कोणाला मिळते

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी रुग्णालयाच्या मागच्या फाटकासमोर, पत्र्याचे छप्पर असलेले, राज्य सरकारच्या दहा रुपयांच्या जेवणाच्या योजनेतले एक शिवभोजन केंद्र आहे. २०२४ च्या पावसाळ्यात आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी त्या रुग्णालयात अकरा दिवस होते आणि त्यांपैकी नऊ दुपारी मी याच केंद्रावर जेवले. त्याआधी एकवीस वर्षे मी स्वतः खानावळ चालवली आहे, महिन्याचे डबे आणि बसून जेवणारे असे दोन्ही गिऱ्हाईक सांभाळले आहे, त्यामुळे ताट समोर आले की घास तोंडात जाण्याआधीच त्यातल्या डाळीचा आणि तेलाचा हिशेब माझ्या मनात सुरू होतो. त्या नऊ दुपारी आणि नंतर मुद्दाम पाहिलेली आणखी दोन केंद्रे यांच्या आधारे हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी ताटाविषयी. शासन निर्णयात थाळीची वजने ठरवून दिलेली आहेत: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. रुग्णालयासमोरच्या केंद्रावर ही मापे पाळली जात होती, आणि वाढणाऱ्या मावशी वरणाच्या बाबतीत माप ओलांडतही होत्या. वरण तुरीचे होते, त्यात हळद, हिंग आणि लसणाची फोडणी होती आणि ते ताटात वाहून जाण्याइतके पातळ नव्हते. भाजीत पहिल्या दिवशी दुधी, दुसऱ्या दिवशी बटाटा, तिसऱ्या दिवशी मटकीची उसळ आणि नंतर पुन्हा दुधी असा क्रम होता. पालेभाजी नऊ दिवसांत एकदाच मिळाली. पोळ्या सकाळी दहाला लाटून ठेवलेल्या असल्यामुळे एक वाजेपर्यंत कडा वातड होत, पण त्या कच्च्या किंवा करपलेल्या कधी निघाल्या नाहीत. भात मोकळा होता. स्टीलची ताटे गरम पाण्यात विसळलेली असत, आणि खानावळवालीची पहिली नजर जिथे जाते त्या ताटाच्या कडेला मला एकदाही चिकटा लागला नाही. शंभर रुपयांची थाळी देणाऱ्या, त्याच रस्त्यावरच्या एका भोजनालयात मी दोन रात्री जेवले. तेथील वरण याच्याहून बेताचे होते.

दहा रुपये दिल्यावर खिडकीवरची मुलगी नाव विचारते, मोबाइलवर फोटो काढते आणि आत सोडते. यापलीकडे काही विचारले जात नाही. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा, जात, गाव यांतले काहीही लागत नाही, आणि माझ्या मते या योजनेत घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. आपल्याकडे गरिबाला मदत देण्याआधी तो गरीब असल्याचे त्याच्याकडून सिद्ध करून घेण्याची रीत आहे, आणि ते सिद्ध करण्याची अट किती अवघड असते हे एका साध्या गणितावरून कळते. महाराष्ट्रात अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे सवलतीच्या धान्याचा हक्क असलेल्या कुटुंबासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये ठरलेली आहे. २०२४-२५ साली राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाच माणसाला वर्षात १४९ दिवस सरकारने स्वतः ठरवलेल्या मजुरीचे काम मिळाले, तर ते अख्खे कुटुंब ग्रामीण मर्यादेच्या बाहेर जाते. अशा कुटुंबातला माणूस रुग्णालयाच्या पायऱ्यांवर भुकेला बसलेला असेल तर त्याच्या भुकेला कागदाचा आधार मिळत नाही. थाळीच्या खिडकीवर मात्र दहाची नोट पुरते. फुकट दिले असते तर कदाचित गर्दी वाढली असती, पण मी पाहिले की दहा रुपये मोजल्यामुळे माणसे ताठ बसून जेवत होती आणि मीठ कमी असेल तर तसे सांगत होती. अन्नछत्रात असे कोणी सांगत नाही.

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला जेवण मिळते, त्याच्यासोबत आलेल्या माणसाला मिळत नाही. ही गोष्ट ज्याने रात्री वऱ्हांड्यात चटई टाकून काढल्या आहेत त्यालाच नीट कळेल. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान ऊसतोडीला जाणारे होते. पत्नीच्या आजारपणामुळे त्यांची मजुरी बुडालेली होती आणि इकडे रोजचा खर्च सुरू झालेला होता. बाहेर एक वेळच्या जेवणाला ऐंशी ते शंभर रुपये पडतात. दोन वेळचे दोनशे धरले तर आठवड्याला चौदाशे रुपये केवळ सोबत राहण्याचे होतात, औषधे आणि येण्याजाण्याचे एसटीचे भाडे वेगळेच. उपचार मोफत असूनही माणसे कर्ज काढून घरी परततात ती अशा खर्चांमुळे, आणि मग रुग्णाला बरे वाटण्याआधीच ‘घरी सोडा’ म्हणून डॉक्टरांकडे विनवण्या सुरू होतात. थाळीने दुपारचा तो शंभराचा खर्च दहावर आणला. त्या काकांनी बायकोला पूर्ण मुदत ठेवून घेतले, आणि त्यात या केंद्राचा वाटा आहे असे मी खात्रीने म्हणेन.

आता उणिवांकडे येते. पहिली उणीव संख्येची आहे. ही योजना २६ जानेवारी २०२० रोजी राज्यभर सुरू झाली तेव्हा एका केंद्राला रोज कमीत कमी ७५ आणि जास्तीत जास्त १५० थाळ्या असे प्रमाण ठेवलेले होते. आमच्या केंद्राच्या वाट्याला १२५ थाळ्या होत्या. रुग्णालयात दाखल रुग्ण त्याच्या कितीतरी पट होते, आणि प्रत्येकाबरोबर निदान एक माणूस. शिवाय समोरच्या रिक्षातळावरचे चालक, गवंड्याच्या हाताखाली काम करणारे बिगारी आणि जवळच्या वसतिगृहातली मुलेही याच रांगेत असत, आणि त्यांचा हक्क कोणाहून कमी नव्हता. साडेअकराला खिडकी उघडे आणि पाऊण वाजता बंद होई. डॉक्टरांची फेरी ज्या वॉर्डात उशिरा येते त्या वॉर्डातल्या नातेवाइकांना थाळी मिळण्याची शक्यता जवळजवळ नसे, कारण फेरीच्या वेळी खाट सोडून जाता येत नाही. अन्न डब्यात बांधून देण्याची येथे मनाई आहे. ती का घातली असेल हे मला समजते. डबे बांधायला लागले की एकाच हातात पाच थाळ्या जातील. परंतु रुग्णालयासमोरच्या केंद्रापुरती तरी रुग्णाच्या खाटेचा कागद दाखवून एक डबा नेता यावा, इतकी सवड ठेवायला हरकत नसावी.

बायकांची संख्याही मी मोजली. नऊ दिवसांत रांगेत बायका कधी पाचांत एकीपेक्षा जास्त दिसल्या नाहीत, आणि वॉर्डात सोबतीला थांबलेल्यांमध्ये मात्र त्या निम्म्याहून अधिक होत्या. रुग्णापाशी बाईने बसायचे आणि पुरुषाने जेवून यायचे, मग उरलेसुरले किंवा चहाबिस्कीट तिच्यासाठी आणायचे, हा क्रम घरातला आहे तोच तेथे चालू राहतो. डबा मिळत नसल्यामुळे त्याची झळ तिलाच बसते. योजनेच्या नियमांत बाईविरुद्ध एकही शब्द नाही, आणि तरीही थाळी तिच्यापर्यंत कमी पोहोचते.

दुसरी उणीव मापाची. या थाळीत माझ्या अंदाजाने साडेपाचशे ते सहाशे उष्मांक असावेत. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांक धरून गरिबीची रेषा आखली होती, आणि नंतर नियोजन मंडळाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांक धरले. या आकड्यांच्या जवळपास पाव हिस्सा एका थाळीत मिळतो, तेव्हा बसून काम करणाऱ्याला दुपारपुरती ती ठीक आहे. परंतु अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषाची गरज साडेतीन हजारांच्या आसपास असते, आणि त्याच्यासाठी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या म्हणजे जेवणाची केवळ सुरुवात ठरते. माझ्या खानावळीत हमाल जेवायला येत तेव्हा पोळ्या मोजायच्या नाहीत असा दंडक होता, आणि त्यांचा तोटा मी वसतिगृहातल्या मुलींच्या अर्ध्या डब्यांत भरून काढत असे. येथे तशी सोय नाही. एक बिगारी जेवून उठताना मावशींकडे पाहत उभा राहिला, मावशींनी मान हलवली आणि तो हात धुवायला गेला. दोघेही काही बोलले नाहीत. पाच रुपये जास्त घेऊन आणखी दोन पोळ्या देण्याची मुभा केंद्राला असती तर तो प्रसंग टळला असता. त्याच ओघात आणखी एक सुचवते: आमच्या भागाचे मूळचे अन्न ज्वारीची भाकरी आहे आणि कष्ट करणाऱ्याच्या पोटाला तीच धरते. ज्वारी अलीकडे गव्हाहून महाग मिळते हे खरे आहे, तरीही आठवड्यातून दोनदा भाकरी देणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट संध्याकाळची. थाळी फक्त दुपारी मिळते. रात्री रुग्णालयाच्या आवारात वडापावाच्या गाडीशी जी गर्दी असते, त्यात दुपारच्या रांगेतले बहुतेक चेहरे ओळखता येतात. गुरुवारी एक मंडळ खिचडी वाटते आणि शनिवारी दुसरे. उरलेल्या पाच रात्री ज्याची त्याला काळजी.

दुसरे केंद्र मी पाहिले ते एका मोठ्या बसस्थानकाजवळचे, वेगळ्या जिल्ह्यातले. तेथील अनुभव चांगला नव्हता. वरणात डाळ शोधावी लागली, भाजी म्हणून पाण्यात शिजवलेला कोबी होता, पोळ्या ३० ग्रॅमच्याही नव्हत्या हे हातात घेताच कळले, आणि सव्वाबाराला ‘थाळी संपली’ असा फलक लागला. फलक लागल्यानंतरही आत फोटो काढणे चालू होते, आणि ज्यांचे फोटो निघत होते त्यांच्यापुढे ताट आलेले मला दिसले नाही. शासनाकडून मिळणारे अनुदान या नोंदीवर निघते, तेव्हा याचा अर्थ वाचकांनीच लावावा. मी तेथे लावलेल्या तक्रार क्रमांकावर दोनदा फोन केला. तो उचलला गेला नाही.

तिसरे केंद्र तालुक्याच्या गावाबाहेर, आठवडी बाजाराच्या वाटेवर, एका महिला बचत गटाचे होते, आणि तिन्हींत चवीला तेच सरस होते. चुलीवरच्या वरणाला जो वास येतो तो मला फार वर्षांनी मिळाला. गटाच्या अध्यक्षा माझ्याच वयाच्या, खानावळीची पार्श्वभूमी कळल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि आम्ही तासभर हिशेब केला. या योजनेत केंद्राला शहरी भागात प्रत्येक थाळीमागे एकूण ५० रुपये मिळतात: १० गिऱ्हाइकाचे आणि ४० शासनाचे. ग्रामीण भागात एकूण ३५ मिळतात: १० गिऱ्हाइकाचे आणि २५ शासनाचे. सुरुवातीला ठरलेला हाच दर आपल्याला आजही मिळतो, असे त्यांनी सांगितले. थाळीमागे ३० ग्रॅम डाळ, ५५ ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम पीठ, सव्वाशे ग्रॅम भाजी, तेल, कांदा-लसूण, तिखट-मीठ आणि सरपण-गॅस मिळून आम्हा दोघींचा आकडा २२ ते २३ रुपयांवर आला. शंभर थाळ्यांसाठी तीन बाया सकाळी आठपासून चारपर्यंत राबतात. त्यांना दिवसाला तीनशे रुपये धरले तरी थाळीमागे ९ रुपये मजुरी पडते. जागेचे भाडे, वीज, पाण्याचे जार आणि भांडी घासण्याचे साबण यांचे ४ रुपये. म्हणजे ३५ रुपये मिळतात आणि ३५ ते ३६ रुपये लागतात. गटातल्या बाया स्वतःची मजुरी पूर्ण धरत नाहीत, म्हणून ते केंद्र चालू आहे.

शहराचा आणि गावाचा दर वेगळा ठेवण्यामागे गावात सर्व काही स्वस्त असते ही समजूत असावी. जागेचे भाडे कमी असते, एवढ्यापुरती ती खरी आहे. तूरडाळ, गोडेतेल आणि गॅस सिलिंडर गावात स्वस्त मिळत नाही. तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे माल शहरातून येतो आणि त्यावर वाहतूक चढते. ज्या भागात लोकांची मिळकत कमी, त्याच भागातल्या ताटासाठी शासन १५ रुपये कमी देते, आणि ती तूट तेथील बायकांच्या श्रमातून भरून निघते. विषमता आपण सहसा मुंबई आणि नंदुरबार यांच्या उत्पन्नातल्या अंतराने मोजतो. मला ती त्या वहीच्या दोन रकान्यांत दिसली.

त्यातच अनुदानाची बिले महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून येत असतात. उशिराचा परिणाम सर्व केंद्रांवर सारखा होत नाही, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगू शकते. ज्याच्याकडे आधीपासून हॉटेल आहे तो चार महिने थांबू शकतो. जो कागदावर थाळ्या वाढवतो त्याला तर थांबण्याचा त्रासच नाही, कारण न शिजवलेल्या थाळीला खर्च नसतो. किराणा दुकानदाराकडे उधारी करून प्रामाणिकपणे शंभर माणसांना जेवू घालणारा बचत गट मात्र तिसऱ्या महिन्यात मोडकळीला येतो. अध्यक्षाबाईंनी सांगितले की त्यांच्या ओळखीच्या एका गटाने याच कारणाने केंद्र परत केले. चांगली केंद्रे अशीच बंद पडत गेली, तर पाच वर्षांनी योजनेचे मूल्यमापन करणाऱ्यास सगळीकडे बसस्थानकाजवळचेच केंद्र सापडेल.

आपल्या राज्यात असा प्रयोग याआधी झालेला आहे. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली होती. त्या केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या, काही वर्षांत अनेक ठिकाणी झुणका गेला आणि त्या जागी इतर खाद्यपदार्थ आले, पुढच्या सरकारने योजना गुंडाळली आणि जागांचे वाद मागे उरले. शिवभोजनात जागेपेक्षा रोजच्या थाळीच्या नोंदीवर पैसे दिले जातात, ही त्यातून झालेली सुधारणा आहे असे मला वाटते. दुसरे उदाहरण पुण्याचे. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती ना नफा ना तोटा या तत्त्वावर आणि जेवणाऱ्यांच्याच संघटनेच्या बळावर. तेथे ताट दहा रुपयांना मिळत नाही, पण ज्याच्यासाठी शिजवायचे तोच मालक असल्यामुळे भाकरीचा आकार कष्टाच्या मापाने ठरतो. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्नही हाच होता: गिऱ्हाईक महिनाअखेरीला पैसे देणार आणि किराणा मात्र आज भरायचा, तर मधल्या दिवसांचे भांडवल कोठून आणायचे. त्यावर त्यांनी बँकेच्या कर्जाचा मार्ग काढला. शिवभोजन चालवणाऱ्या बचत गटांना निदान दोन महिन्यांचे अनुदान आगाऊ मिळाले, तर आज तोच प्रश्न सुटेल.

टाळेबंदीत या योजनेने जे केले त्याची नोंद घेतली पाहिजे. मार्च २०२० च्या अखेरीस थाळीची किंमत पाच रुपये करण्यात आली, केंद्रे तालुक्यांपर्यंत नेण्यात आली, आणि एप्रिल २०२१ च्या मध्यास दुसऱ्या लाटेचे निर्बंध लागू झाले तेव्हा थाळी काही महिने विनामूल्य दिली गेली. हॉटेले बंद आणि कामे थांबलेली असताना शहरात अडकलेल्या मजुरांसाठी तयार स्वयंपाकघरे आधीच उभी होती, म्हणून हे जमले. संकट आल्यावर नव्याने चूल मांडायची म्हटली असती तर ते दिवस तसेच निघून गेले असते.

रुग्णालयासमोरच्या केंद्राला मी पाचांपैकी चार गुण देते, बचत गटाच्या केंद्राला पाच, आणि बसस्थानकाजवळच्या केंद्राला एक. सरकारी रुग्णालयात कोणाच्या सोबतीला थांबण्याची वेळ आली, तर पहिल्याच दिवशी आवारातल्या सफाई कामगारांना केंद्र कोठे आहे ते विचारावे, त्यांना नक्की ठाऊक असते. खिडकी उघडण्याआधी पंधरा मिनिटे पोहोचावे, दहा रुपये सुटे ठेवावेत आणि पाण्याची बाटली बरोबर न्यावी. रुग्णापाशी एकट्याच असाल तर शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाशी आदल्या दिवशीच पाळी ठरवून ठेवावी, कारण डबा मिळत नाही आणि थाळ्या संपेपर्यंत हातात जेमतेम सव्वा तास असतो.